जुन्या डायल-अप मोडेमचा ड्रायव्हर: खोके बाजूला ठेवा, चिप ओळखा

आपण लिहिले आहे की विंडोज एक्सपी नव्याने टाकल्यापासून संगणकातील मोडेम (टेलिफोनच्या तारेवरून इंटरनेट जोडणारे कार्ड) चालत नाही, डिव्हाइस मॅनेजरमध्ये पिवळ्या प्रश्नचिन्हासह ‘पीसीआय सिंपल कम्युनिकेशन्स कंट्रोलर’ एवढेच दिसते आणि खोक्यावरील नावाने शोधलेले दोन ड्रायव्हर (विंडोजला ते कार्ड चालवता यावे म्हणून लागणारे सॉफ्टवेअर) बसवूनही उपयोग झाला नाही. माझ्या मते घोळ त्या नावामुळेच झाला आहे. असे मोडेम अनेक विक्रेते आपापल्या नावाने विकत असत. आतील चिप मात्र मोजक्याच कंपन्यांची असे, आणि ड्रायव्हर चिपला जुळावा लागतो.

त्या नोंदीच्या प्रॉपर्टीजमध्ये ‘डिटेल्स’ या भागात हार्डवेअर आयडी, म्हणजे चिपची ओळख सांगणारी अक्षरे व आकडे, पाहावा. ‘व्हीईएन’ या अक्षरांनंतर १४एफ१ असेल, तर चिप कोनेक्सेंटची, म्हणजे १९९९ मध्ये रॉकवेलपासून वेगळ्या झालेल्या कंपनीची आहे. ११सी१ असेल, तर ल्यूसेंट किंवा अगेरची. ८०८६ आढळल्यास मात्र थांबावे, कारण इंटेलच्या काही मदरबोर्डांवरील मॅनेजमेंट इंजिन हा वेगळाच अंतर्गत भागही ड्रायव्हर नसताना याच नावाने दिसते आणि त्याचा मोडेमशी काहीही संबंध नसतो. ‘डीईव्ही’ आणि ‘सबसिस’ यांपुढील आकडेही उतरवून घ्यावेत, कारण एकाच कंपनीच्या दोन चिपांचे ड्रायव्हर वेगळे असू शकतात.

एवढी काटेकोरी लागण्याचे कारण असे की, संगणकाच्या आत बसणारे बहुतेक स्वस्त मोडेम हे ‘सॉफ्टमोडेम’ असत. ध्वनिसंकेतांचे आकड्यांत आणि आकड्यांचे संकेतांत रूपांतर करण्याचे काम त्यांत कार्ड करत नाही, तर ड्रायव्हर संगणकाच्या प्रोसेसरकडून करून घेतो, त्यामुळे ड्रायव्हर चुकला की मोडेम मुकाच होतो. सीरियल पोर्टला जोडायच्या बाह्य मोडेमचे तसे नसते. त्याला विंडोजमधील ‘स्टँडर्ड ५६००० बीपीएस मोडेम’ ही निवडही बहुधा पुरते.

नवा ड्रायव्हर बसवण्यापूर्वी आधीचे दोन्ही काढून टाकावेत आणि संगणक पुन्हा सुरू करावा. मी एकदा हा कंटाळा केला आणि विंडोज कोलमडल्यावर येणाऱ्या निळ्या पडद्यापुढे अख्खी संध्याकाळ घालवली. विंडोज ६४-बिट असेल, तर ३२-बिट ड्रायव्हर त्यावर चालणार नाही.

ड्रायव्हर बसल्यावर ‘डायग्नोस्टिक्स’मध्ये ‘क्वेरी मोडेम’ दाबावे. एटी आज्ञांना (मोडेमला दिल्या जाणाऱ्या ठरावीक आज्ञांना) उत्तरे आली, तर ड्रायव्हर आणि चिप यांचे जुळले असे समजावे. तरीही ‘डायल टोन नाही’ असा संदेश आला, तर ठिकाण म्हणून भारत निवडला आहे का ते पाहावे आणि ‘डायल करण्यापूर्वी टोनची वाट पाहा’ या अर्थाच्या पर्यायावरील खूण काढावी. आपल्याकडील टोन काही मोडेमांना ओळखताच येत नाही.

वेगाबद्दलही आपण विचारले आहे. व्ही.९० या डायल-अप मोडेमच्या मानकात उतरता वेग जास्तीत जास्त ५६ आणि चढता ३३.६ किलोबिट प्रतिसेकंद असतो. तारेत खरखर असेल, तर ड्रायव्हर बदलून तो फारसा वाढत नाही.

एवढे करूनही टोन मिळाला नाही, तर त्याच वायरला साधा फोन लावून पाहावा. फोनवर टोन स्वच्छ ऐकू येत असेल, तर कार्डाचा टेलिफोनकडील भाग बहुधा जळला आहे. पावसाळ्यात तारेवाटे आलेल्या विजेने असे कितीतरी मोडेम गेले, आणि अशा कार्डासाठी आणखी ड्रायव्हर शोधण्यापेक्षा जुना बाह्य सीरियल मोडेम मिळवणे सोपे पडेल.