तीन डोंगर एका दिवसात उरकायचे नसतात गं

अगं,

काल फोनवर तू प्लॅन सांगितलास तेव्हा मी हो हो म्हणाले खरी, पण फोन ठेवल्यावर राहवेना म्हणून हे लिहितेय. शनिवारी एमआयडीसी बंद, म्हणून पहाटे पाचला कॅब, सकाळी अंजनेरी, दुपारी ब्रह्मगिरी, संध्याकाळी वणीचा सप्तशृंगी गड आणि रात्री अकराला रूमवर. बाई, हे काय किराणा आणायला चाललीस का? त्र्यंबक एका टोकाला, वणी दुसऱ्या टोकाला, नाशिकपासून ते २८ किलोमीटर आणि हे साधारण ६०, तुझा निम्मा दिवस एसीच्या काचेतून दिंडोरीरोडच्या द्राक्षबागा बघण्यातच जाईल.

आठ महिने झाले नाशकात येऊन आणि एकही डोंगर चढले नाही, ही तुझी खंत कळते मला. मीसुद्धा नोकरी लागून इथे आले तेव्हा पहिली दोन वर्षं कंपनी, घर आणि पंचवटीतला रविवार एवढंच बघितलं होतं. पण म्हणून सगळं एकदम नको. तीन शनिवार कर, आणि माझं ऐकशील तर कॅब अजिबात करू नकोस, एसटीने जा.

का सांगते. कॅबमध्ये तुझ्याशी बोलणारी एकच बाई असते, ती मोबाईलमधली, दोनशे मीटरवर डावीकडे वळा म्हणणारी. एसटीत बसलीस की शेजारची आजी मांडीवर ओटीची पिशवी घेऊन बसलेली असते, आणि दिंडोरी यायच्या आत कुठल्या तुम्ही, एकट्याच का, लग्न झालं का, घरी कोण कोण, सगळं विचारून होतं. तुला वैताग येईल मला माहितीये. पण तीच आजी गडावर उतरल्यावर तुला सांगते की त्या दुकानात चपला ठेव, नारळ खालीच घे, आणि पायऱ्यांच्या मधे पाणी पिऊन घे नाहीतर चक्कर येते. मी आजवर जेवढ्या डोंगरांवर गेले त्यातलं देवाचं दर्शन मला किती लक्षात आहे विचारशील तर खरं सांगते, थोडंच. माणसं मात्र एकेक आठवतात.

पहिला शनिवार अंजनेरी कर. त्र्यंबकच्या बसने अंजनेरी फाट्याला उतरायचं, तिथून आत चालायचं. हनुमानाचा जन्म तिथला मानतात म्हणून शनिवारी भाविकांची गर्दी असतेच, पण तुझ्यासारख्या एकटीला गर्दी बरी. वर पठारावर अंजनीमातेचं देऊळ आहे, तळं आहे. आत्ता गणपती झालेत, पाऊस ओसरलाय, पठार फुलांनी भरलेलं असेल. तिथे कंदीलपुष्पाची एक जात आहे, इतकी दुर्मिळ की शास्त्रज्ञांनी तिला अंजनेरीचंच नाव दिलंय, त्यामुळे रीलसाठी गवतात आडवी पडू नकोस प्लीज, पायवाटेवरूनच चाल. तुला पटकन दिसणार नाही ते फूल, मलाही तिसऱ्या वेळेला दिसलं आणि तेही गुराखी पोराने दाखवलं म्हणून. तो पोरगा एवढंच बोलला, मावशी पाय उचला, आणि माझ्या चपलेच्या चार बोटं पलीकडे ते हिरवट कंदील उभं होतं.

दुसरा शनिवार ब्रह्मगिरी. इथे मात्र मी जरा लांबण लावणार आहे, कारण तू विचारलंस ना, अनोळखी माणसांवर विश्वास कसा ठेवायचा म्हणून, तर माझी शिकवणी तिथेच झाली.

पंधराएक वर्षांपूर्वीची गोष्ट. श्रावणातला तिसरा सोमवार म्हणजे ब्रह्मगिरीची फेरी, त्या दिवशी तुफान गर्दी असते म्हणून मी शहाणपणा करून मंगळवारी गेले, एकटीच. गोदावरीचं उगमस्थान बघितलं, शंकराने जटा आपटल्या म्हणतात ते जटामंदिर बघितलं, सगळीकडे धुकं, दोन हातांवरचं दिसत नव्हतं. उतरताना कातळातल्या पायऱ्यांवर शेवाळ, आणि एका माकडाने माझ्या पिशवीला हात घातला, मी ती ओढायला गेले आणि डावा पाय मुरगळला. असा की टेकवेना. मोबाईलला रेंज नाही. बसले तिथेच पावसात.

जरा खाली एक म्हातारी कणसं भाजत बसली होती, प्लास्टिकचा कागद चार काठ्यांवर ताणून. जाताना मी तिच्याकडून कणीस घेतलं होतं, दहा रुपयांचं, आणि सुट्टे नव्हते म्हणून येताना देते म्हणाले होते. तिने मला बसलेलं बघितलं, वर आली, काहीएक न विचारता पायाला हात लावला, दाबून बघितलं, मी ओरडले. मग डोक्याचं फडकं सोडलं, दोन्ही हातांनी पिळलं आणि घोट्याला असं आवळून बांधलं की दुसऱ्या दिवशी डॉक्टरसुद्धा म्हणाले कुणी बांधलं हे. शेगडीपाशी नातवाला बसवलं, कागदाची एक काठी उपसून माझ्या हातात दिली, कागद एका बाजूने लोंबायला लागला तर लागला, आणि मला धरून खाली आणलं. दीड तास. वाटेत ती फार बोलली नाही, मधून मधून फक्त, बाय, हळू टाक.

खाली पोचल्यावर मी पर्समधून शंभरची नोट काढून तिच्या हातात दिली. तिने नोट बघितली, कनवटीला हात घातला, ओल्या दहादहाच्या नऊ नोटा एकेक सुट्ट्या करत मोजल्या आणि माझ्या हातावर ठेवल्या. कणसाचं दहा झालं, म्हणाली. आणि वळून परत वर चालायला लागली.

रागावली नव्हती ती. पण मला इतकं ओशाळल्यासारखं झालं, अजून होतं. मी तिचा दीड तास शंभरात मिटवायला निघाले होते ना! आपल्याला उपकार अंगावर राहिलेले चालत नाहीत, लगेच गूगल पे करून मोकळं व्हायचं असतं. तर तू तसं करू नकोस. विकायला बसलेल्याला पूर्ण पैसे दे, पाच-दहा रुपयांसाठी घासाघीस करू नकोस, पण मदत करणाऱ्याला नोट दाखवू नकोस. त्याच्याजवळ दोन मिनिटं बस, चहा घेत असेल तर घे, नाव-गाव विचार. मी नाव विचारायचंच विसरले बघ, दीड तासात.

हे आपल्याकडचं फार जुनं आहे गं. तुझ्या अंबडच्या गच्चीवरून पांडवलेण्यांचा डोंगर दिसतो ना, तिथे दहा नंबरच्या लेण्यात उषवदाताचा शिलालेख आहे, नहपान राजाचा जावई तो, सुमारे १९०० वर्षांपूर्वीचा. त्यात त्याने काय काय दान केलं ते कोरलंय, गाई, गावं, सोनं ते सगळं आहेच, पण मला आवडतं ते पुढचं. तापी, दमणगंगा, डहाणूकडची नदी अशा सहा नद्यांवर त्याने फुकट नावा ठेवल्या, काठांवर वाटसरूंना टेकायला आणि पाणी प्यायला सोय केली, आणि भडोच, सोपारा, गोवर्धन अशा ठिकाणी धर्मशाळा बांधल्या. गोवर्धन म्हणजे आपलं इथलंच, गंगापूरच्या बाजूचं. लेण्यांना संध्याकाळी ऑफिस सुटल्यावर जाऊन येण्यासारखं आहे, पण ती लवकर बंद होतात, वेळ बघून जा. अक्षरं तुला वाचता येणार नाहीत, तरी उभी राहून बघ.

आणि त्र्यंबकला निवृत्तिनाथांच्या समाधीला जायचं विसरू नकोस, बरेच जण ज्योतिर्लिंग करून तसेच परत फिरतात. ब्रह्मगिरीची प्रदक्षिणा करताना वाघ आडवा आला, सगळे पांगले, आणि चुकलेला निवृत्ती एका गुहेत शिरला तिथे त्याला गहिनीनाथ भेटले, ही गोष्ट तुला आजीने सांगितली असेलच. वारकऱ्यांची सगळी परंपरा त्या चुकलेल्या वाटेने आली म्हण ना. (तू मात्र वाट चुकू नकोस, जंगलात रेंज नसते आणि नाथही दर वेळी भेटत नाहीत.)

आता तुझी आई ज्याला घाबरते ते. सगळे चांगलेच असतात असं मी म्हणणार नाही. स्टँडवर उतरल्याबरोबर ताई पूजा करायची का, शॉर्टकटने दर्शन करून देतो म्हणून मागे लागणारे भेटतील, मला एकाने पूर्वी चांगली टोपी घातलीये, आकडा सांगत नाही, लाज वाटते. माझं साधं गणित असं की मदतीची गरज पडली तर मी होऊन माणूस निवडते, जो आपणहून चिकटतो त्याला नाही म्हणते. विचारायचं झालं तर आधी विकायला बसलेल्या बाईला, नाहीतर लेकरं बरोबर असलेल्या कुटुंबाला, एसटीत असलीस तर कंडक्टरला. अनोळखी गाडीत बसायची वेळ आलीच तर आत बाई असेल तरच बसायचं, आणि गाडीचा नंबर मला पाठवायचा. मुक्काम कुठे, एकटी का, याचं खरं उत्तर सगळ्यांना द्यायची गरज नाही, भाऊ मागून येतोय म्हणायचं, असल्या खोट्याने देव कोपत नाही.

तिसरा शनिवार वणी. नवरात्रात नको, पहिल्या खेपेला ती गर्दी झेपणार नाही, त्याच्या आधी जा नाहीतर दिवाळीनंतर जा. नांदुरीपासून घाट चढून बस वर गडावरच्या गावात जाते, तिथून पुढे पाचशेच्या वर पायऱ्या. २०१८ पासून ट्रॉली झालीये, म्हाताऱ्या माणसांची फार सोय झाली, तू मात्र पायऱ्यांनी जा, गुडघे चांगले आहेत तोवर. अठरा हातांची देवी, कड्यातच कोरलेली, मान जराशी कललेली, समोरच्या डोंगरावर मार्कंडेय ऋषी पाठ म्हणायचे तो ऐकायला कलली म्हणतात. तिथे उभं राहिलं की पुजारी पुढे चला पुढे चला करतात, तरी त्या मानेकडे एकदा बघच.

आणि कधीतरी चैत्रात ये माझ्याबरोबर. रामनवमीपासून पौर्णिमेपर्यंत सगळा खानदेश चालत निघतो गडाला, धुळे, जळगाव, नंदुरबार, डांबर वितळेल अशा उन्हात, कितीतरी जण अनवाणी. रस्त्याकडेची गावं पाणी, ताक, सरबत घेऊन उभी असतात. माझी मावसबहीण कळवणची, तिच्याकडे गेले असताना आम्ही दोघी असंच रस्त्यावर पाणी वाटायला थांबलो होतो, तर झाडाखाली जेवायला बसलेल्या धुळ्याच्या माणसांनी उलट आम्हालाच हाक मारली, बठ ना ताई, जेवी ले. कळण्याची भाकरी, मिरचीचा ठेचा, कांदा फोडलेला. त्यांच्या टाचांना भेगा पडून रक्त आलेलं आणि ते आम्हाला आग्रह करतायत अजून अर्धी घ्या म्हणून.

त्याच वणीवरून येताना एकदा शेवटची बस चुकली होती माझी, नांदुरीला, दिवाळीनंतरचे दिवस, अंधार लवकर पडलेला. टमाट्याचे कॅरेट भरलेली पिकअप पिंपळगावच्या मार्केटला चालली होती, पुढे नवरा-बायको आणि तिच्या मांडीवर पोर. तिने पोर माझ्या मांडीवर दिलं आणि सरकून जागा केली. पिंपळगावला हायवेवर उतरवून नाशिकची बस येईपर्यंत ते थांबले, मार्केटला उशीर होत असताना. उतरताना तिने ओंजळभर टमाटे दिले आणि या खेपेला मी शहाणी झाले होते, पर्सकडे हात नेला नाही, पदरात घेतले.

सामानाचं म्हणशील तर पाणी दोन बाटल्या, ग्रिप असलेले बूट, सुट्टे पैसे भरपूर, आणि पिशवी बंद चेनची, माकडांना प्लास्टिकचा आवाज कळतो. आणि मोबाईलवर नकाशा असला तरी रस्ता माणसाला विचार.

आता माझं एक काम आहे. ब्रह्मगिरीवरच्या त्या म्हातारीची काठी अजून माझ्याकडेच आहे, दाराच्या मागे. मी त्यानंतर दोनदा गेले होते, एकदा तिच्यासाठी चादर घेऊन, दोन्ही वेळा भेटली नाही. आता माझ्याने एवढं चढवत नाही. नातू तेव्हा दहा-अकराचा असेल, म्हणजे आता पंचविशीचा. पायऱ्यांच्या खालच्या टप्प्यावर कणसं-काकड्या विकणाऱ्यांत विचार, पाय मुरगळलेल्या बाईला उतरवणारी आजी म्हण, नाव मला सांगता येणार नाही. भेटली तर काठी दे, नाही भेटली तर टेकत टेकत परत घेऊन ये. शुक्रवारी संध्याकाळी सातनंतर घरी आहे मी, येऊन घेऊन जा, आणि जेवायलाच ये, पिठलं करते.

तुझी,
ताई