राइड-ऑन मोअर (वर बसून चालवायचे गवत कापण्याचे यंत्र) तापल्यावर चढावर ओढत नाही. हायड्रॉलिक पंप (ऑइलला दाब देऊन चाकांपर्यंत शक्ती पोहोचवणारा) बदलावा का?

लगेच बदलू नये. आपल्या मुंबईतील क्लबच्या मैदानावर यंत्र सकाळी व्यवस्थित चालते आणि अर्ध्या तासाने चढावर त्याची ओढ कमी होते, हे लक्षण पंपाच्या झिजेचे असू शकते, कारण तापून पातळ झालेले ऑइल झिजलेल्या भागांच्या फटींतून आतल्या आत गळते आणि दाब टिकत नाही. परंतु ऑइलच प्रमाणाबाहेर तापत असेल तरीही नेमके असेच घडते. म्हणून प्रथम ऑइल थंड करणाऱ्या कूलरच्या जाळीत अडकलेले गवत काढावे, ऑइलची पातळी, फिल्टर आणि पंप फिरवणाऱ्या पट्ट्याचा ताण तपासावा. यंत्र ढकलण्यासाठी उघडला जाणारा बायपास व्हॉल्व्ह अर्धवट उघडा राहणे, हे कारण फार वेळा दुर्लक्षित होते.

ऑइल दुधाळ दिसल्यास त्यात पाणी शिरलेले असते (मुंबईच्या पावसाळ्यात उघड्यावर उभ्या यंत्रांना हा धोका अधिक), तर फेस येत असल्यास बहुधा सक्शनच्या (पंप ऑइल खेचून घेतो त्या) बाजूने हवा ओढली जात असते.

यानंतरही दोष राहिल्यास गेज लावून चार्ज प्रेशर (मुख्य पंपाला ऑइल पुरवणारा दाब) थंड आणि गरम अशा दोन्ही स्थितींत मोजावे व मॅन्युअलमधील आकड्यांशी ताडावे. गरम असताना ते मर्यादेखाली गेले, तरच पंप किंवा चाके फिरवणारी हायड्रॉलिक मोटर उघडण्याचा खर्च करावा.

गळती शोधताना नळीवर हात कधीही फिरवू नये, पुठ्ठा धरावा. दाबाखालील ऑइलची बारीक धार कातडी भेदून आत शिरते, आणि जखम टाचणीएवढी दिसली तरी त्या माणसाला तत्काळ रुग्णालयात न्यावे लागते.