वाचकांचे प्रश्न : आधी मंडळी, मग सेमिनरी

प्रश्न : स. न. वि. वि. माझा धाकटा भाऊ यंदा बी.एस्सी. झाला. गेली तीन वर्षे तो वास्कोतील एका लहानशा बॅप्टिस्ट मंडळीत (प्रॉटेस्टंटांच्या एका पंथाच्या चर्चमध्ये) जातो आणि आता मिशनरी कार्यासाठी सेमिनरीत, म्हणजे धर्मशिक्षणाच्या संस्थेत, शिकायचे म्हणतो. शेजारी सांगतात, 'राशोलला पाठवा'. त्याचे लक्ष मात्र अमेरिकेकडे आहे. हे शिक्षण किती वर्षांचे असते, कोठे घ्यावे आणि त्यासाठी अविवाहित राहावे लागते का?
— एक वाचक भगिनी, म्हापसा

उत्तर : गोव्यात सेमिनरी म्हटले की राशोलच डोळ्यांपुढे येते, त्यामुळे शेजाऱ्यांचा सल्ला समजण्यासारखा आहे. फादर स्टीफन्स यांचे क्रिस्तपुराण 1616 साली तेथेच छापले गेले असल्याने मराठी वाचकालाही त्या गावाविषयी आपुलकी वाटते. परंतु राशोलची सेमिनरी कॅथलिक पाद्री घडविण्यासाठी आहे आणि ब्रह्मचर्याची अट त्या परंपरेची आहे. बॅप्टिस्ट पाळकाला किंवा मिशनऱ्याला विवाहाची आडकाठी नाही. इंग्रज बॅप्टिस्ट मिशनरी विल्यम कॅरी 1793 साली बंगालमध्ये उतरले तेव्हा पत्नी आणि मुले त्यांच्यासोबतच होती.

आपण विचारले नाही, तरी खरा मुद्दा असा की बॅप्टिस्ट परंपरेत सेमिनरी ही पहिली पायरी नव्हे. येथे प्रत्येक स्थानिक मंडळी स्वायत्त असते आणि पाळकाची नेमणूक करणारा बिशप नसतो, म्हणून एखाद्याचे पाचारण (देवाने या कामासाठी बोलावल्याची जाणीव) खरे की खोटे याची पारख ज्यांच्यात तो दर रविवारी बसतो त्याच माणसांना करावी लागते. प्रवेश-अर्जासोबत सेमिनऱ्या पाळकाचे शिफारसपत्र मागतात ते याचसाठी. पदवी हातात पडली म्हणून पाळकपदाची दीक्षा मिळत नाही. ती मंडळी देते. तेव्हा आपला भाऊ रविवारच्या शाळेत मुलांना शिकवतो का, आजारी माणसाच्या घरी जाऊन बसतो का, उपासना संपल्यावर खुर्च्या उचलायला थांबतो का, हे आधी त्याच्या पाळकांना विचारावे. उत्तर गुळमुळीत आले, तर वर्षभर थांबण्यात काहीही नुकसान नाही.

पदवीधरांसाठी मुख्य अभ्यासक्रम दोन : बी.डी. (बॅचलर ऑफ डिव्हिनिटी) आणि एम.डिव्ह. (मास्टर ऑफ डिव्हिनिटी). दोन्हींना साधारणतः तीन ते चार वर्षे लागतात. बायबलचा जुना व नवा करार, त्यांच्या मूळ भाषा, ईश्वरविज्ञान, मंडळीचा इतिहास, प्रवचनकला, इतर धर्मांचा अभ्यास आणि मिशनशास्त्र हे विषय दोन्हींत येतात. भारतातील बी.डी. मुख्यतः सेरामपूर महाविद्यालयाच्या सिनेटची, म्हणजे पदव्या देणाऱ्या मंडळाची, असते. (हे बंगालमधील श्रीरामपूर, नगरकडचे नव्हे. एका वाचकाने मागे तिकडे पत्र धाडले होते!) कॅरी, मार्शमन आणि वॉर्ड या तिघा बॅप्टिस्ट मिशनऱ्यांनी 1818 साली हे महाविद्यालय काढले आणि 1827 साली डेन्मार्कच्या राजाने त्याला पदव्या देण्याची सनद दिली.

कॅरी स्वतः जोडे शिवणारे होते आणि कोणत्याही सेमिनरीत शिकले नव्हते, हा दाखला अभ्यासाला कंटाळलेले तरुण हमखास देतात. पण याच माणसाने वैजनाथ पंडितांच्या मदतीने मराठी शिकून 1805 साली मराठीचे व्याकरण छापले, 1810 साली मोडी लिपीत कोश काढला आणि पुढे इतरांसाठी महाविद्यालय उभारले. शिक्षण नको असते, तर हा खटाटोप त्यांनी कशाला केला असता?

अमेरिकेचे म्हणाल, तर लुइव्हिल येथील सदर्न बॅप्टिस्ट सेमिनरी 1859 पासूनची आहे. वेक फॉरेस्ट येथील साउथईस्टर्न सेमिनरीने दोन वर्षे वर्गात आणि पुढची दोन वर्षे प्रत्यक्ष क्षेत्रावर, अशी एम.डिव्ह.ची रचना रुळवली आणि ती मला मनापासून पटते. तरीही पहिली पदवी इथेच घ्यावी, असे माझे मत आहे. पुण्याची युनियन बिब्लिकल सेमिनरी, जी 1983 साली यवतमाळहून तेथे आली, एकाच पंथाची नाही. निव्वळ बॅप्टिस्ट वातावरण हवे असेल, तर आसामात जोरहाटचे ईस्टर्न थिऑलॉजिकल कॉलेज आहे. मी पुणे निवडीन. गोवा एक्सप्रेसने वास्कोहून थेट जाता येते, आणि मुख्य म्हणजे प्रवचनाचा सराव मराठी माणसांपुढे होतो. कोंकणी-मराठीत ज्याला दहा मिनिटे नीट बोलता येत नाही, त्याने इंग्रजीत लिहिलेले पन्नास पानी प्रबंध सांगे-केपेच्या गावात उपयोगी पडत नाहीत.

जाता जाता कायद्याविषयी : घटनेच्या 25व्या कलमाने सार्वजनिक सुव्यवस्था, नीतिमत्ता आणि आरोग्य यांच्या अधीन राहून धर्माच्या प्रसाराचे स्वातंत्र्य दिले आहे, मात्र दुसऱ्याचे धर्मांतर घडविण्याचा हक्क त्यात येत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने 1977 साली स्पष्ट केले. भावाने हे दोन्ही भाग ठाऊक करून घ्यावेत.

प्रश्न : मराठी बायबल हाताशी असताना ग्रीक-हिब्रूवर एवढी वर्षे का घालवायची?
— एक विद्यार्थी, फोंडा

उत्तर : एकच शब्द पाहा. मराठीत आपण 'बाप्तिस्मा' म्हणतो, पण हे भाषांतर नव्हे, ग्रीक शब्दच मराठी वळणाने ठेवलेला आहे. मूळ क्रियापद 'बाप्तिझो', म्हणजे बुडविणे. बॅप्टिस्ट तसाच बाप्तिस्मा देतात, इतर बरेच पंथ पाणी शिंपडून वा ओतून देतात. कलकत्त्याच्या बॅप्टिस्टांनी बंगाली नव्या करारात त्याचा हाच अर्थ घातला, तेव्हा ब्रिटिश बायबल सोसायटीने 1830 नंतरच्या दशकात छपाईला मदत नाकारली. त्याआधी अमेरिकन मिशनरी अडोनिराम जडसन यांच्या बाबतीत तर आणखी वेगळे घडले. अँडोव्हरच्या सेमिनरीत शिकून ते 1812 साली निघाले, जहाजावर हाच शब्द तपासत बसले आणि कलकत्त्याला पोहोचल्यावर बुडवून बाप्तिस्मा घेऊन बॅप्टिस्ट झाले. ज्या संस्थेने त्यांना पाठविले होते, ती बॅप्टिस्ट नव्हती. ग्रीक येत नसते, तर हा प्रश्न त्यांना पडलाच नसता. पुढे त्यांनी संपूर्ण बायबल ब्रह्मदेशाच्या भाषेत आणले.

सगळ्यांना जडसनइतके व्याकरण जमेल असे नाही. पण ग्रीकची 24 आणि हिब्रूची 22 अक्षरे प्रवेशाआधीच्या सुटीत वहीवर गिरवून घेतली, तर पहिले सत्र तितके जड जात नाही.