काटा मशीनचा, नोटीस तुमच्या नावाची

प्रश्न : मी आणि माझे पती लातूरच्या एमआयडीसीत डाळी, रवा आणि पोहे पाकिटांत भरून विकतो. हाताखाली दोन कामगार आहेत. सूक्ष्म अन्नप्रक्रिया उद्योगांच्या केंद्रीय योजनेतून कर्ज काढून अहमदाबादच्या एका उत्पादकाकडून आपोआप वजन करून पाकीट भरणारे दोन हेडचे मशीन 4 लाख 60 हजारांना घेतले. त्याला आठ महिने झाले, वॉरंटी एक वर्षाची आहे. पहिल्या आठवड्यापासून वजन वरखाली होते. व्हॉट्सअ‍ॅपवर तक्रारी केल्या, त्यांचा माणूस येऊन सेटिंग करून गेला, पण फरक पडला नाही. म्हणून शेवटचे 90 हजार आम्ही थांबवले. गेल्या महिन्यात वजनमापे खात्याचे निरीक्षक आले. 500 ग्रॅमच्या तूरडाळीच्या नमुन्यात काही पाकिटे 478, 481 ग्रॅम भरली, सरासरी 494 आली. मशीनवर शिक्का नाही हेही त्यांनी पंचनाम्यात लिहिले. आता खात्याची नोटीस आली आहे. उत्पादक म्हणतो, बाकी व्याजासह द्या, नाहीतर एमएसएमई कौन्सिलमध्ये (लहान उद्योगांच्या थकबाकीचे वाद ऐकणारी सरकारी परिषद) जातो. दंड खरे तर त्याने भरायला हवा ना? मशीन परत देऊन पैसे मिळतील का?

उत्तर : ताई, तुमच्यापुढे दोन भांडणे आहेत आणि तुम्ही ती एकात कालवली आहेत. खात्याला मशीन कुणाचे आहे याच्याशी देणेघेणे नाही. पाकिटावर पॅक करणाऱ्याचे नाव कुणाचे छापले आहे, तेवढेच ते बघतात. वैधमापन अधिनियम, 2009 मध्ये निव्वळ वजनातल्या तुटीची जबाबदारी पॅकरवर आहे. ‘मशीनच खराब निघाले’ हे तिथे कारण म्हणून सांगता येईल, सुटका म्हणून नाही. दंडाचे पैसे उत्पादकाकडून वसूल करता येतील का, हा दुसऱ्या भांडणातला प्रश्न आहे, आणि त्याचे उत्तर बऱ्याच अंशी ‘होय’ असे आहे. पण पहिले भांडण तुम्ही कोणत्या शब्दांत मिटवता, यावर ते अवलंबून राहील.

आधी खात्याचे पाहू. आवेष्टित, म्हणजे पाकीटबंद वस्तूंच्या 2011 च्या नियमांत प्रत्येक वजनाला किती तूट चालते ते ठरवून दिले आहे. 300 ते 500 ग्रॅमपर्यंत 3 टक्के, म्हणजे तुमच्या पाकिटाला 15 ग्रॅम. 485 च्या खाली गेलेले पाकीट मर्यादेबाहेर. तुमची 478 आणि 481 सरळ त्यात बसतात. बरेच व्यापारी इथेच एक चूक करतात. त्यांना वाटते, 15 ग्रॅमची सूट आहे तर मशीन 488 वर लावले तरी चालेल. तसे नाही. नमुन्याची सरासरी छापील वजनापेक्षा कमी असता कामा नये, ही अट वेगळी आहे. सूट एखाददुसऱ्या पाकिटाला आहे, सगळ्या लॉटला नाही. तुमची सरासरी 494 आहे, म्हणजे दोन्ही बाजूंनी तुम्ही अडकलात. पंचनाम्यात रिकाम्या पाऊचचे वजन वजा केले आहे का, आणि निरीक्षकांनी वापरलेला काटा शिक्क्याचा होता का, एवढे मात्र नीट तपासा. पाऊचचे वजन दोनदा वजा झालेले मी पंचनाम्यांत पाहिले आहे. एका बाजूला छापील टेअर (रिकाम्या पाकिटाचे वजन) आणि वर पुन्हा प्रत्यक्ष मोजलेले पाऊच, दोन्ही कापलेले. तसे असेल तर आकडे बदलतील आणि तो मुद्दा उत्तरात लेखी मांडता येईल.

शिक्क्याच्या मुद्द्यावर मात्र तुमची बाजू लंगडी आहे. कलम 24 सांगते की व्यवहारासाठी वापरले जाणारे वजनमाप वापरात आणण्याआधी पडताळून शिक्का मारून घ्यायचे. पाकिटात किती डाळ पडली हे तुमच्या मशीनचा लोडसेल (वजन मोजणारा भाग) ठरवतो, म्हणजे ते वजन करणारे यंत्रच आहे. ‘हे पॅकिंग मशीन आहे, काटा नव्हे’ हा युक्तिवाद मी अनेकांच्या तोंडून ऐकला आहे. तुमच्या बाबतीत तो टिकणार नाही. कपात मावेल तेवढा माल ओतणारे, वजन न करणारे साधे कप फिलर असते तर गोष्ट थोडी निराळी होती. पडताळणी एकदा करून भागत नाही, तुमच्यासारख्या इलेक्ट्रॉनिक यंत्राला ती दर 12 महिन्यांनी पुन्हा करावी लागते. जागेवर बसवलेल्या मशीनसाठी निरीक्षकांना कारखान्यात बोलावता येते, त्याचे शुल्क वेगळे. अर्ज आजच करा. नोटिशीला उत्तर देताना ‘पडताळणीसाठी अर्ज केला आहे, सोबत पोच जोडली आहे’ असे वाक्य असले की पुढचे बोलणे सोपे जाते.

हा तुमचा पहिलाच प्रसंग आहे, तेव्हा तुरुंगाची धास्ती मनातून काढून टाका. नोटिशीत तडजोडीचा, म्हणजे ठरलेली रक्कम भरून कोर्टात न जाता प्रकरण मिटवण्याचा पर्याय दिला असेल तर माझा सल्ला तो घेण्याचा आहे. पंचनाम्यात मोठी खोट नसेल तर कोर्टात लढण्यात दिवस जातील आणि हाती फार काही लागणार नाही. पण लक्षात ठेवा, एकदा तडजोड झाल्यावर तीन वर्षांच्या आत तसाच गुन्हा पुन्हा झाला तर कलम 48 प्रमाणे दुसऱ्यांदा तडजोडीची सवलत नाही. म्हणजे हे मशीन न सुधारता उद्यापासून पुन्हा चालवणे परवडणारे नाही. तोवर शिक्क्याच्या साध्या काट्यावर हाताने पाकिटे भरा, उत्पादन निम्मे झाले तरी चालेल.

आता शब्दांचे बघा. तडजोडीचा अर्ज तयार नमुन्यावर असतो आणि त्यात बरेचदा ‘आमच्या निष्काळजीपणामुळे’ असे छापलेले असते. गडबडीत सही करू नका. त्याऐवजी लिहा : ‘अमुक तारखेला बसवलेल्या स्वयंचलित वजन यंत्रातील दोषामुळे तूट आली. या दोषाबाबत पुरवठादाराकडे अमुक तारखेपासून तक्रारी केल्या आहेत. पुरवठादाराविरुद्धचे आमचे हक्क राखून ठेवून ही तडजोड करीत आहोत.’ यामुळे खात्याचे काही बिघडत नाही. उलट उद्या उत्पादकाचा वकील हाच अर्ज तुमच्यासमोर धरून ‘बाईंनीच चूक कबूल केली आहे’ असे म्हणू शकणार नाही.

दुसऱ्या भांडणाकडे वळण्याआधी एक काम, आणि ते उद्या सकाळीच करा. मशीनवरची धातूची पट्टी शोधा. मॉडेलला मान्यता असेल तर त्यावर उत्पादकाचे नाव, कमाल आणि किमान वजन, अचूकतेचा वर्ग आणि ‘आयएनडी/09’ ने सुरू होणारा मान्यता क्रमांक असतो. पट्टीचा जवळून फोटो काढा. क्रमांकच नसेल, तर कलम 22 प्रमाणे मान्यता नसलेले वजन यंत्र बनवून विकल्याचा मुद्दा थेट उत्पादकावर येतो. वार्षिक शिक्का वापरणाऱ्याने घ्यायचा, पण मॉडेलची मान्यता ही बनवणाऱ्याची जबाबदारी. अशा पट्टीचा फोटो वकिलाच्या नोटिशीला जोडला की अहमदाबादहून फोन यायला वेळ लागत नाही, असा माझा अनुभव आहे.

मग दोष सिद्ध करण्याचे. ‘वजन वरखाली होते’ एवढ्यावर कुणी निकाल देणार नाही. या मशीनमध्ये चूक कुठून येते ते थोडे समजून घ्या, म्हणजे पुरावा नेमका गोळा करता येईल. व्हायब्रेटरची थाळी आधी मोठ्या धारेने आणि शेवटी बारीक धारेने माल बादलीत सोडते. बादलीखालचा लोडसेल 500 दाखवतो आणि झडप बंद होते. पण झडप बंद होताना काही डाळ हवेतच असते, ती किती धरायची याचे सेटिंग प्रत्येक मालासाठी वेगळे असते. पोह्यांचे सेटिंग तूरडाळीला लागले की गणित चुकते. रव्याची भुकटी बादलीच्या कडेला चिकटून राहिली तर पडद्यावर 500 आणि पाकिटात 491, असेही होते. उत्पादकाचा वकील म्हणणार की सेटिंग तुम्ही बदललेत, शेजारच्या गिरणीचा हादरा येतो, व्होल्टेज कमी-जास्त होते. म्हणून एकाच मालाची सलग 30 पाकिटे भरा. प्रत्येकाच्या वेळी पडद्यावरचा आकडा आणि शिक्क्याच्या काट्यावरचा आकडा एकाच व्हिडिओत येऊ द्या, रिकामे पाऊच वेगळे मोजा आणि वहीत तारीख-वेळ टाकून नोंदवा. हेच शेजारची गिरणी बंद असतानाही एकदा करा. त्यानंतर सरकारी तंत्रनिकेतन किंवा अभियांत्रिकी महाविद्यालयातल्या जाणकाराकडून लेखी तपासणी अहवाल घ्या. व्हॉट्सअ‍ॅपवरचे संदेश त्याच फोनमध्ये राहू द्या, स्क्रीनशॉट काढून मूळ संदेश उडवू नका. भारतीय साक्ष्य अधिनियम, 2023 च्या कलम 63 प्रमाणे इलेक्ट्रॉनिक पुराव्यासोबत प्रमाणपत्र लागते आणि ते मूळ साधनाबद्दल असते.

मशीन परत करण्याबद्दल तुम्ही विचारले आहे. माल विक्री अधिनियम, 1930 प्रमाणे विशिष्ट कामासाठी म्हणून सांगून घेतलेली वस्तू त्या कामाला योग्य असलीच पाहिजे, ही गृहीत अट आहे, कलम 16. ती मोडली तर खरेदीदार माल नाकारू शकतो. पण आठ महिने मशीन चालवल्यावर कायदा म्हणतो की तुम्ही ते स्वीकारले आहे. मग नाकारण्याचा हक्क जातो, नुकसानभरपाईचा राहतो. कलम 59 प्रमाणे ती भरपाई किमतीतून वळती करता येते, म्हणजे तुमचे 90 हजार अडवण्याला आधार आहे. फक्त तो तुम्ही अजून लेखी मांडलेला नाही.

पूर्ण पैसे परत किंवा मशीन बदलून हवे असेल तर ग्राहक आयोगाचा रस्ता जास्त सोयीचा, पण दारातच एक प्रश्न आहे : तुम्ही ‘ग्राहक’ आहात का? व्यापारी कारणासाठी घेतलेल्या वस्तूचा खरेदीदार ग्राहक ठरत नाही. केवळ स्वयंरोजगारातून उपजीविकेसाठी घेतली असेल तरच ठरतो. लक्ष्मी इंजिनिअरिंग वर्क्सच्या खटल्यात 1995 साली सर्वोच्च न्यायालयापुढे हाच प्रश्न आला होता. तो उद्योगही महाराष्ट्रातला, स्वयंरोजगार योजनेतून कर्ज घेतलेला, आणि भांडण मशीनवरूनच. तिथे मशीनचे स्वरूप आणि समोर आलेला पुरावा पाहून तो ग्राहक नाही असे ठरले. तेव्हा योजनेचे कर्ज हा तुमचा हुकमी एक्का समजू नका. पण त्याच निकालात असेही म्हटले आहे की स्वतः मशीन चालवणाऱ्याने मदतीला एक-दोन माणसे घेतली म्हणून तो ग्राहक असण्याचे थांबत नाही. तुमचे दोन कामगार या वाक्यात बसतात. मशीनवर तुम्ही किंवा तुमचे पती प्रत्यक्ष उभे राहता का, दुसरे उत्पन्न आहे का, वर्षाची उलाढाल किती, यावर सगळे ठरेल. उलाढाल कोटींत गेली असेल तर हा रस्ता सोडा. बसत असेल तर लातूरच्याच जिल्हा आयोगात तक्रार करता येईल, मुदत कारण घडल्यापासून दोन वर्षे. बिलावर छापलेली ‘वाद फक्त अहमदाबादच्या न्यायालयात’ ही ओळ तिथे सहसा आड येत नाही.

दिवाणी दाव्यात मात्र ती ओळ आड येते. मागणी 3 लाखांच्या वर गेली तर प्रकरण व्यावसायिक न्यायालयाचे होते, आणि तातडीचा मनाई हुकूम मागायचा नसेल तर दाव्याआधी मध्यस्थी सक्तीची आहे. माझ्या मते तुमच्यासारख्या प्रकरणात मध्यस्थीतच काहीतरी पदरात पडते, दाव्यात वर्षे जातात.

सर्वांत घाईची गोष्ट तुम्ही पत्राच्या शेवटी लिहिली आहे : एमएसएमई कौन्सिल. उत्पादक सूक्ष्म किंवा लघु उद्योग म्हणून नोंदलेला असेल तर त्याची धमकी पोकळ नाही. 2006 च्या एमएसएमई (सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग) कायद्याप्रमाणे पैसे जास्तीत जास्त 45 दिवसांत द्यायचे, नाहीतर रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट दराने, दर महिन्याला चक्रवाढ होणारे व्याज. आणि कौन्सिल त्याच्या गावची, तुमच्या नव्हे. या कायद्यात एक बारीक कलम आहे : माल मिळाल्यापासून 15 दिवसांत खरेदीदाराने लेखी हरकत घेतली नाही तर तो माल मिळाल्याच्या दिवशीच स्वीकारला असे धरतात. तुम्ही पहिल्या आठवड्यापासून संदेश पाठवत होतात म्हणता. तो पहिला संदेश शोधून त्याची तारीख डिलिव्हरी चलनाशी ताडून पाहा. बसला, तर मोठी गोष्ट झाली. उत्पादकाच्या मागणीला आठ-दहा दिवसांत वकिलामार्फत उत्तर द्या, त्यात दोष, दंड, वाया गेलेला माल आणि माल विक्री अधिनियमाच्या कलम 59 ची वळती हे सगळे आकड्यांसह मांडा आणि त्याचा उद्यम क्रमांक (लहान उद्योग म्हणून नोंदणीचा क्रमांक) व नोंदणीची तारीख मागा. गप्प राहिलात तर कौन्सिलचा निवाडा एकतर्फी होऊ शकतो, आणि त्याला आव्हान द्यायचे तर आधी 75 टक्के रक्कम भरावी लागते. प्रकरण तिथे गेलेच तर तुमची भरपाईची मागणी प्रतिदावा म्हणून तिथेच मांडता येते, सर्वोच्च न्यायालयाने 2021 मध्ये सिल्पी इंडस्ट्रीजच्या खटल्यात हे मान्य केले आहे.

तुमच्या पतींनी वेगळ्या चिठ्ठीत विचारले आहे की शिक्का मिळाल्यावर धोका नको म्हणून सेटिंग 500 ऐवजी 504 ठेवले तर चालेल का. चालेल, जास्त भरायला कायद्याची हरकत नाही. पण दिवसाला 2,000 पाकिटांवर चार-चार ग्रॅम म्हणजे रोजची 8 किलो तूरडाळ फुकट. मशीन हमीप्रमाणे चालत नाही म्हणून ती जात असेल, तर वहीत तेवढ्यासाठी एक रकाना आखा आणि महिन्याच्या शेवटी त्या वेळच्या भावाने रक्कम काढून भरपाईच्या मागणीत धरा.