कॉपीराइट 'लागत' नाही, टाळं लागतं

प्रश्न: फोनवर स्वच्छ दिसणारा चित्रपट लॅपटॉपवर धूसर दिसला की सगळे म्हणतात, "कॉपीराइट लागला." हे बरोबर का? आणि डीआरएमला (डिजिटल राइट्स मॅनेजमेंट, म्हणजे फाइल कुणी, कुठे, किती दिवस उघडावी हे ठरवणारं तंत्र) मराठीत काय म्हणावं?

उत्तर: चूक. कॉपीराइट म्हणजे दृष्ट नव्हे लागायला! तो कायद्यातला हक्क. कलाकृती घडली की निर्मात्याकडे आपसूक येतो. चित्र धूसर होतं ते डीआरएममुळे.

'अंकीय हक्क व्यवस्थापन' हा प्रतिशब्द छापायला ठीक, तोंडात बसत नाही. 'डिजिटल कुलूप' पुष्कळ बरं. मूळ अरबी शब्द 'कुफ्ल'. बोलता बोलता फ आणि ल यांनी जागा बदलल्या, 'कुल्फ' झालं, आणि मराठीनं त्याचं 'कुलूप' केलं. वर्णविपर्ययाचं इतकं देखणं उदाहरण शोधून सापडायचं नाही. कुलूप परकं म्हणून नाक मुरडणाऱ्या शुद्धिवाद्यांनी चावी कुठे ठेवायची तेही सांगावं, कारण ती पोर्तुगीज! आज तिकडे बहुतेक जण त्या शब्दाचा आरंभ 'श'नं करतात. जुन्या पोर्तुगीजमध्ये तिथे 'च' होता, तो आपण अजून जपतोय.

तरीही माझं मत 'टाळं' या शब्दाला. त्याचं मूळ संस्कृत 'तालक'. कोश कुलूप आणि टाळं समानार्थी देऊन मोकळे होतात, पण बोलणाऱ्याला फरक कळतो. कुलूप आपण आपल्या दाराला लावतो नि चावी खिशात टाकतो. टाळं बहुधा दुसरंच कुणी ठोकतं. कारखान्याला टाळं लागतं. टाळेबंदीही त्यातलीच.

डीआरएमचं असंच आहे. फाइल तुमच्याकडे, पण कूटबद्ध. ती उघडायची चावी परवाना-सर्व्हर देतो, तीही मुदत आणि उपकरणांची संख्या ठरवून. गूगलचं वाइडवाइन, ॲपलचं फेअरप्ले, मायक्रोसॉफ्टचं प्लेरेडी या तिन्ही डीआरएमना एकच कूटबद्ध फाइल चालू शकते. चावी पोचवायची रीत तेवढी ज्याची त्याची. 2009 मध्ये ॲमेझॉननं तर विकलेली काही ई-पुस्तकं ग्राहकांच्या किंडलवरून परस्पर काढून घेतली होती. हे कुलपाचं काम नव्हे.

हां, लॅपटॉप राहिलाच. वाइडवाइनच्या एल1 पातळीत चित्राची उकल चिपच्या सुरक्षित कप्प्यात होते, एल3 मध्ये नुसत्या सॉफ्टवेअरवर. लॅपटॉपवरचा ब्राउझर बहुधा एल3 वर असतो, आणि अशा उपकरणाला चित्रपट दाखवणाऱ्या सेवा सहसा कमी रिझोल्यूशनचंच चित्र पाठवतात.