पासवर्ड पुसू नका, बदला

प्रश्न : हिंगणघाटात आम्ही चौघे जिनिंगवाल्यांसाठी सॉफ्टवेअर करतो. एका मुलाकडून चालू डेटाबेसचा पासवर्ड गिटहबवर, म्हणजे कोड ठेवायच्या वेबसाइटवर, गेला. तासाभरात फाइल काढली, रिपॉझिटरीही (कोडचा साठा) खासगी आहे. काळजी मिटली ना?

उत्तर : नाही मिटली. फाइल काढली तरी जुन्या कमिटमध्ये, म्हणजे गिटने जपलेल्या आधीच्या नोंदीत, पासवर्ड जसाच्या तसा असतो. त्या तासात ज्याने कोड उतरवून घेतला, त्याच्या लॅपटॉपवरही तो आहे. खासगी रिपॉझिटरीवर भिस्त ठेवू नका. २०१६ मध्ये उबरच्या अशाच रिपॉझिटरीत चोर शिरले, तिथे त्यांना अ‍ॅमेझॉन क्लाउडची किल्ली मिळाली आणि ५ कोटी ७० लाख लोकांची माहिती गेली.

म्हणून आधी पासवर्ड बदला, गिटचा इतिहास मग साफ करा. पासवर्ड बदलला तरी आधीपासून जोडलेली कनेक्शनं तुटत नाहीत, तीही तोडा. जुन्या पासवर्डने लॉगिन होत नाही ना, हे स्वतः करून बघा. लॉगमध्ये अनोळखी आयपी (इंटरनेटवरचा पत्ता) शोधा. हंगाम ऐन भरात असला तरी थांबू नका. काटापट्टी थोडा वेळ हाताने लिहिता येते. पण चुकाऱ्यासाठी दिलेला शेतकऱ्याचा खाते क्रमांक एकदा बाहेर गेला की परत येत नाही.

प्रश्न : आमच्याकडे सगळ्यांना एकच पासवर्ड, तोही व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर. एक मुलगा नोकरी सोडून पुण्याला गेला. पासवर्ड बदलावा तर काय काय बंद पडेल, याचीच धास्ती. (वरूड)

उत्तर : ताई, धास्ती रास्त आहे, कारण तो कुठे कुठे लिहून ठेवलाय हे कुणालाच सांगता येणार नाही. आधी प्रत्येक माणसाला आणि प्रत्येक प्रोग्रामला वेगळं लॉगिन द्या. रिपोर्ट काढणाऱ्याला फक्त वाचायची परवानगी पुरे. डेटाबेस पोस्टग्रेस असेल तर चालू कनेक्शनं दाखवणाऱ्या पीजी-स्टॅट-अ‍ॅक्टिव्हिटीत जुन्या नावाने कोण, कुठून जोडलंय ते दिसतं. एकेक हलवत जा आणि शेवटी जुन्या नावाचं लॉगिन बंद करा. काही अडलंच तर ते पुन्हा चालू करता येतं. फक्त यात महिना घालवू नका. गेलेल्या मुलाचा रस्ता तोवर उघडाच आहे. नवे पासवर्ड ग्रुपवर नकोत, बिटवॉर्डनसारख्या पासवर्ड मॅनेजरमध्ये ठेवा.

प्रश्न : एकच सर्व्हर आहे. पासवर्ड सांभाळणारं व्हॉल्टसारखं वेगळं सॉफ्टवेअर बसवावं का? (दर्यापूर)

उत्तर : इतक्यात नको. पासवर्ड कोडबाहेरच्या फाइलमध्ये ठेवा, परवानगी ६०० (फक्त मालकाला वाचता-लिहिता येईल अशी), फाइलचं नाव गिटइग्नोरमध्ये, म्हणजे गिटने वगळायच्या फाइलींच्या यादीत. आणि डेटाबेसचा पोर्ट (पोस्टग्रेसचा सहसा ५४३२) इंटरनेटला उघडा असेल, तर तो आजच बंद करा.