सोळाव्या वर्षी स्कूटर द्यावी का?

प्रश्न : ताई, माझा मुलगा यंदा दहावी झाला. त्याला पार्ल्याच्या कॉलेजात अकरावीला प्रवेश मिळालाय, वर्ग सकाळी सातला भरतो. आम्ही कांदिवली पूर्वेला, हायवेच्या जवळ राहतो. आजवर शाळेची बस दारात यायची, त्यामुळे तो एकटा कुठे गेलेलाच नाही. आठवड्यातून तीन दिवस दिंडोशीला क्लास असतो, तो रात्री साडेआठला सुटतो. त्याचे दोन मित्र स्कूटरवर फिरतात. नोव्हेंबरात तो सोळाचा होईल. ह्यांचं म्हणणं, सोळाव्या वर्षी लायसन्स मिळतं, तर घरची स्कूटर देऊन टाकू, लोकलला लोंबकळण्यापेक्षा बरं. मला स्कूटरची भीती वाटते आणि लोकलचीही. काय करावं? – एक आई, कांदिवली

उत्तर : स्कूटर देऊ नका. आधी एवढं ठरवून टाका, म्हणजे पुढचं बोलता येईल.

सोळाव्या वर्षी लायसन्स मिळतं हे खरं, पण ते ५० सीसीपर्यंतच्या, बिनगिअरच्या गाडीसाठी. तुमच्या घरची स्कूटर बहुधा ११० किंवा १२५ सीसीची असणार. तिला अठरा पूर्णच लागतात. मोटार वाहन कायद्यात २०१९ मध्ये एक कलम वाढवलं, १९९ अ. अल्पवयीन मुलाने गाडी चालवताना गुन्हा केला, तर पालक किंवा गाडीच्या मालकाला तीन वर्षांपर्यंत कैद आणि २५ हजार रुपये दंड होऊ शकतो, गाडीची नोंदणी बारा महिने रद्द होते आणि त्या मुलाला पंचवीस वर्षांचा होईपर्यंत लायसन्स मिळत नाही. हे ह्यांना वाचून दाखवा. विम्याचा दावा अडकतो तो वेगळाच. उद्या कुणी म्हणेल, बॅटरीवाली घ्या. २५० वॉटपर्यंतच्या आणि ताशी २५ किलोमीटरच्या आतल्या गाडीला लायसन्स लागत नाही. पण तेवढ्या वेगाने वेस्टर्न एक्स्प्रेस हायवेवर, डंपर आणि बसच्या मधून पोराला पाठवायचं माझ्या तरी जिवावर येतं.

आणि एक गोष्ट आपण आया विसरतो. त्या दोन मित्रांच्या मागे तो बसतो का, ते विचारा. ओरडू नका, नुसतं विचारा. तेही सोळाचेच असणार. मागे बसणाऱ्यालाही हेल्मेट सक्तीचं आहे आणि हेल्मेट असलं तरी चालवणारा कच्चा तो कच्चाच. ‘मित्राच्या मागे बसणार नाही, अडलं तर रिक्षा कर, पैसे मी देईन, उशीर का झाला ते विचारणार नाही,’ असा शब्द एकमेकांना द्या. तुम्ही तुमचा शब्द पाळलात तर तो त्याचा पाळेल.

आता लोकल. मी एकतीस वर्षं गोरेगावहून दादरला शाळेत शिकवायला गेले, दोन मुलं याच लाइनवर वाढवली. लोकल मुलांना शिकवावी लागते, पोळ्या शिकवाव्यात तशी, शेजारी उभं राहून. आपण एकदम पाठवतो आणि मग दिवसभर फोन करत बसतो.

कॉलेज सुरू व्हायच्या आधीच्या रविवारी दोघं निघा. पहिल्या दिवशी तुम्ही पुढे, तो मागे. इंडिकेटर वाचायला शिकवा: कुठली गाडी, स्लो की फास्ट, बारा डब्यांची की पंधरा. पार्ल्याला फास्ट थांबत नाही, तेव्हा चुकून फास्टमध्ये चढलाच तर अंधेरीला उतरायचं आणि पुढे एक स्टेशन स्लोने जायचं. परतीला बोरिवली स्लो. पार्ल्याला हार्बर लाइनच्या गाड्याही येतात, त्या गोरेगावच्या पुढे कांदिवलीला येत नाहीत. दुसऱ्या फेरीला तो पुढे, तुम्ही मागे, आणि तोंड बंद. हे फार अवघड जातं. माझा मुलगा गोरेगाव लोकलऐवजी बोरिवली फास्टमध्ये चढला होता आणि मी त्याच्यामागे गप्प चढले. गोरेगाव आलं, गेलं. त्याने माझ्याकडे पाहिलं, मी खिडकीबाहेर. बोरिवलीला तो उतरला, पूल चढला, पलीकडच्या फलाटावर इंडिकेटरखाली उभा राहिला आणि बोटाने वाचायला लागला. त्या दिवसानंतर तो कधी चुकला नाही असं नाही, पण चुकला तेव्हा घाबरला नाही. १९९६ साली क्लासहून येताना उलट्या गाडीत झोप लागून तो थेट चर्चगेटला पोचला आणि एक रुपयाच्या लाल फोनवरून म्हणाला, “आई, पुढची बोरिवली पकडतोय, जेवण झाकून ठेव.”

तिसऱ्या दिवशी तुम्ही बाजूच्या डब्यात, म्हणजे लेडीजमध्ये, तो जनरलमध्ये. बारा वर्षांवरच्या मुलाला लेडीज डब्यात येता येत नाही, हे त्याला आधीच सांगा. चौथ्या दिवशी तो एकटा.

गर्दीचं म्हणाल, तर सकाळी सव्वासहाच्या गाडीला निदान उभं राहायला जागा मिळते. साडेआठची गोष्ट निराळी, ती त्याच्या वाट्याला सध्या नाही. नियम तीनच सांगा आणि तेच तेच सांगत राहा. बॅग पाठीवर नाही, पोटावर. चढला की दारात रेंगाळायचं नाही, आत सरकायचं. आणि अंधेरी आली की दाराकडे निघायचं, पार्ल्याचा फलाट कुठल्या बाजूला येतो ते माहीत हवं. गाडी सुटत असेल तर सोडून द्यायची. मागून दुसरी येतेच.

पासासाठी कॉलेजच्या ऑफिसातून रेल्वे कन्सेशनचा फॉर्म घ्यायचा. विद्यार्थ्याला सेकंड क्लासच्या पासात चांगली सवलत मिळते. तिमाही काढा, दर महिन्याची धावपळ वाचते. पासाबरोबर कॉलेजचं आयकार्ड खिशात हवंच, टीसी ते मागतो.

दिंडोशीच्या क्लाससाठी मात्र लोकल नको, मेट्रो. तुमच्या दारातल्या हायवेवरूनच मेट्रो ७ जाते. दिंडोशी, कुरार, आकुर्ली, म्हणजे दुसऱ्याच स्टेशनला उतरायचं. रात्री साडेआठला मोटार घेऊन त्याला आणायला गेलात तर तुम्ही हायवेवर अडकलेल्या असाल आणि तो घरी येऊन जेवत असेल. बारावीपर्यंतच्या विद्यार्थ्यांना या मेट्रोच्या ४५ आणि ६० फेऱ्यांच्या पासावर २५ टक्के सवलत आहे, स्टेशनच्या खिडकीवर चौकशी करा. आकुर्लीहून घरापर्यंत बेस्ट. साध्या बसचं किमान भाडं १० रुपये, एसीचं १२, आणि बस कुठवर आली ते चलो ॲपवर दिसतं. बस नाहीच आली तर मीटरची रिक्षा, तिचं पहिलं भाडं २६ रुपये. मीटर खाली पाडलेला बघूनच बसायचं, हे त्याला एकदा तुमच्यासमोर करायला लावा. मोठ्या मुलांनासुद्धा रिक्षावाल्याला ‘मीटर टाका’ म्हणायची लाज वाटते, हे मी शाळेत कितीदा पाहिलंय.

पावसाचं आत्ताच ठरवा. २६ जुलै २००५ ला मी दादरला शाळेतच अडकले, नववीच्या अकरा मुली माझ्याबरोबर होत्या. त्यातल्या सात जणींना घरचा फोन नंबर पाठ होता, चौघींना नव्हता. ती रात्र त्या चौघींच्या आयांनी कशी काढली असेल, हे मला आजही आठवतं. म्हणून सांगते, मोबाइलवर विसंबू नका. कव्हरच्या आत एक जाड कागद घाला: तुमचा नंबर, ह्यांचा नंबर, अंधेरी-पार्ल्यातल्या एका नातलगाचा पत्ता, आणि आणीबाणीचा ११२, रेल्वेचा १३९, मुलांसाठीचा १०९८. सोबत शंभराची एक नोट. गाड्या थांबल्या तर कॉलेजात थांबायचं, नाहीतर त्या नातलगाकडे जायचं. रुळांवरून चालत यायचं नाही, पुढचे सगळे चालत असले तरी नाही.

लोकेशन बघत बसाल तर त्याला कळेल आणि तो फोन बंद करेल. दोन मेसेज पुरेत, ‘पोचलो’ आणि ‘निघालो’.

तो रुसेल. त्याला स्कूटर हवी असते ती कुणाला न विचारता कुठे तरी जाता यावं म्हणून, असा माझा अनुभव. तर रेल्वेचा पास काढून झाल्यावर पहिल्या शनिवारी त्याला मित्रांबरोबर कुठे जायचं ते विचारा. मरीन ड्राइव्ह म्हणाला तर पार्ल्यापुढचं तिकीट काढायला पैसे द्या आणि कितीला परत येणार एवढंच विचारा.

आणि पास काढायला खिडकीवर तुम्ही जाऊ नका. फॉर्म, आधार कार्ड आणि सुटे पैसे देऊन त्यालाच रांगेत उभा करा.